चोरून खाल्लेलं गोड

वहिनींना अख्खी गल्ली वहिनीच म्हणते. खाली सायकलींची पंक्चर काढणारा म्हणतो, समोरची शिंपीणबाई म्हणते, आणि वयाने त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले निवृत्त पोस्टमास्तरही म्हणतात. याला कारण त्यांची नणंद. नणंदबाईंचा आवाज असा, की त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून "वहिनी!" म्हटलं की रस्त्यावरची निदान दोन माणसं वर बघायची. वहिनी त्यांना वन्सं म्हणतात. वन्सं वहिनींच्या नवऱ्याची थोरली बहीण. भाऊ गेला तेव्हा "आठ दिवस राहते" म्हणून एक पिशवी घेऊन आल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. नणंद-भावजय एका घरात म्हणजे रोजचा तमाशा, अशा आशेने शेजारणींनी सुरुवातीला कान टवकारले होते, पण त्यांची घोर निराशा झाली. भांडणं होत नव्हती असं नाही. पण ती कात्री कुणी हलवली आणि कढईत पाणी कुणी घालून ठेवलं नाही यावरून व्हायची, आणि चहापर्यंत मिटायची.

वहिनींनी सव्वीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात काढली. बुटांची खोकी, औषधांची खोकी, भेटवस्तूंची झाकणाची खोकी. पुठ्ठा कुठे वाकेल आणि कुठे मोडेल हे त्यांच्या अंगठ्याला कळतं. वन्संची तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे दुपारच्या जेवणाआधी प्रत्येक पातेल्यातली पळी त्यांच्यासमोर यायची, त्या फुंकर मारून ती जिभेला लावायच्या आणि "जाऊ द्या" म्हणाल्या की मगच ताटं वॉर्डात जायची. डॉक्टरांच्या सहीला जेवढा मान नव्हता तेवढा वन्संच्या त्या दोन शब्दांना होता, असं त्या स्वतः सांगतात. आपण मान डोलवायची.

या दोघींच्या धंद्याला धंदा म्हणणं जरा जास्तच होईल. शिंपीणबाईंच्या मुलीच्या वाढदिवसाला सजावटवाला आयत्या वेळी आला नाही आणि शिंपीणबाई जिन्यात बसून रडायला लागल्या. वहिनींनी त्यांना वर बोलावलं, पाणी दिलं आणि घरातला सगळा कागद बाहेर काढला. तीन तासांत भिंतभर पंखे झाले. चुण्या घालून गोल उघडलेले, मोठ्यात लहान, लहानात आणखी लहान. वन्संनी तोवर घरात होतं तेवढ्या अंड्या-दुधात कस्टर्ड केलं आणि जाम भरलेली बिस्किटं भाजली. हे सगळं टेबलावर नुसतं मांडलं तर केविलवाणं दिसेल, म्हणून वहिनींनी बुटांची खोकी कागदात गुंडाळून पायऱ्या केल्या, काचेचे पेले उपडे ठेवून त्यांवर बशा बसवल्या, आणि चाळीस बिस्किटांचं टेबल चारशेचं दिसायला लागलं. त्या दिवसापासून गल्लीत आणि गल्लीबाहेर कुणाचं काही असलं की लोक आधी या दोघींना विचारायचे आणि मग तारीख ठरवायचे.

कामाची पद्धत ठरलेली होती. पहिला प्रश्न वहिनींचा, "वन्सं, रंग कुठला येणार?" वन्सं म्हणाल्या "पिवळा", म्हणजे लिंबाचं काहीतरी, मग कागद पांढरा आणि पानांचा हिरवा. वन्सं म्हणाल्या "तपकिरी", की वहिनी गुलाबी कागद काढायच्या, कारण चॉकलेट नुसतं ठेवलं तर ते टेबल दुःखी दिसतं असं त्यांचं मत. फुलं नेहमी क्रेपच्या, म्हणजे बारीक चुण्यांच्या कागदाची. पाकळी कापायची, मधोमध दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणायची, की तिला पोट येतं. पेन्सिलीची रेघ त्यांनी कधी मारली नाही. फुग्यांवर मात्र त्यांचा मनापासून राग. "त्यात माणसाचा हात कुठे आहे? फुंकलं की झालं," असं म्हणून त्या फुगे मागणाऱ्याला परस्पर दुसरीकडे पाठवायच्या.

वन्संचे गुडघे जिने चढायला नकार देत. त्यामुळे टेबल मांडायला आणि आवरायला वहिनीच जायच्या. परतल्या की दारातच वन्संचा प्रश्न तयार, "काय उरलं?" पाहुण्यांनी कौतुक केलं का, फुलं कशी दिसली, यातलं काही नाही. काय उरलं तेवढंच. कारण तोंडावर सगळेच छान म्हणतात. खरं बोलते ती बशी. वहिनींना हे इतकं पाठ झालं होतं की पेले गोळा करताना त्या उष्ट्यावरून पाहुण्यांची मनं वाचायच्या. इथे चमचा तळापर्यंत गेलाय, हिने दोनदा घेतलंय, हा मुलगा बोटाने चाटून गेलाय. मग घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगायच्या, आणि वन्सं गुडघ्यांना तेल चोळत ऐकायच्या. त्यांचा सगळ्यात आवडता वेळ तोच होता.

त्या वर्षी थंडीत दोघींनाही ताप आला. वहिनी आठवड्यात उठल्या. वन्संही उठल्या, पण काहीतरी मागे ठेवून.

वहिनींना ते कळलं ते दुधावरून. त्या खालून कागद घेऊन आल्या तर जिन्यातच करपल्याचा वास. धावत वर गेल्या. पातेल्यातलं दूध आटून तळ काळा पडलेला, आणि दोन हातांवर वन्सं वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत शांत बसलेल्या. वहिनींनी गॅस बंद केला तेव्हा त्यांनी मान वर केली, पातेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, विसरलेच."

विसरल्या असत्या तर वहिनींना काही वाटलं नसतं. पण घर त्या वासाने असं भरलं होतं की डोळ्यांत पाणी येत होतं, आणि वन्संचं नाक जागचं हललं नव्हतं. जेवताना वहिनींनी मुद्दाम विचारलं, "आमटीत मीठ ठीक आहे ना?" त्यात मीठ घातलंच नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "अगदी बरोबर."

वन्सं बोलल्या नाहीत, म्हणून वहिनीही बोलल्या नाहीत. ज्या बाईच्या जिभेने तीस वर्षं इस्पितळ चालवलं, तिला "तुमची चव गेली का हो?" असं कोणत्या तोंडाने विचारायचं?

वन्संनी आयुष्यात कधी काही मोजलं नव्हतं. ओतायचं, ढवळायचं, चाखायचं, पुन्हा ओतायचं. आता मधलं चाखणं गेलं आणि तिथे शंका येऊन बसली. पडलं का पुरेसं? घालू या थोडं आणखी. पोस्टमास्तरांच्या पंचाहत्तरीला त्यांनी लिंबाच्या कस्टर्डचे साठ पेले केले. दिसायला असे, की वहिनींनी त्यांच्यासाठी पांढऱ्या फुलांची कमान केली आणि स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिल्या. पाहुणे आले, पेले उचलले गेले, आणि वहिनींनी कोपऱ्यातून पाहिलं, की एकेक माणूस पहिला चमचा तोंडात घालतो, थोडा थांबतो, आणि पेला हळूच खिडकीत ठेवून देतो. कुणी काही बोललं नाही. चांगली माणसं होती सगळी.

आवरताना वहिनींनी एका पेल्यातलं बोटावर घेतलं. लिंबाच्या सालीखालचा पांढरा भागही किसला गेला होता, कडूजहर. आणि वर व्हॅनिला इतका, की खोकल्याचं औषध वाटावं. त्यांनी सगळे पेले मोरीत रिकामे केले, विसळले, फडक्याने पुसून खोक्यात भरले. घरी आल्या.

"काय उरलं?"

"एकसुद्धा नाही, वन्सं."

वन्संचा चेहरा असा उजळला, की वहिनींना आपल्या खोटेपणाची लाज वाटायलाही सवड मिळाली नाही. "बघ," वन्सं म्हणाल्या, "हात विसरत नाही." आणि त्यांनी स्वतःच उठून चहा टाकला. त्या क्षणी वहिनी अडकल्या त्या अडकल्या.

पुढच्या टेबलापासून वहिनींनी नवा उद्योग सुरू केला. वन्संचा नेम असा, की मिश्रण तयार झालं की ते गार व्हायला ठेवायचं आणि आपण आंघोळीला जायचं. गुडघ्यांवर कढत पाणी घेत त्यांचा चांगला पाऊण तास जायचा. आतून बादलीचा आवाज आला, की बाहेर वहिनी चमचा घेऊन पातेल्यावर. कडू लागलं तर मध, आंबट लागलं तर साखर. व्हॅनिला एकदा पडला की बाटलीत परत जात नाही, मग दूध. वन्संना जे एका थेंबात कळायचं त्याला वहिनींना दहा चमचे लागायचे. खोक्यांच्या कारखान्यात चवीचं खातं नव्हतं. चाखायचं, डोळे मिटून विचार करायचा, काहीतरी घालायचं, आणि पुन्हा चाखायचं. पण पेले रिकामे परत यायला लागले, आणि दारातल्या उत्तरात आता खोटं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण वहिनींना गोड बंद होतं.

साधं बंद नव्हे. वहिनींचा नवरा गेला तो साखरेच्याच दुखण्याने. आधी पायाचं बोट, मग पाऊल, मग माणूस. चार वर्षांपूर्वी वहिनींच्या रक्तातही तीच साखर निघाली तेव्हा वन्सं दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी बाजारातून साखर मोजायचं मशीन घेऊन आल्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहाआधी वहिनींच्या बोटाला टोचणी. घरात कस्टर्डचा डोंगर असो, वहिनींच्या बशीत काकडी. आणि चार वर्षं वहिनींनी कधी जीभ सैल सोडली नव्हती.

त्या रविवारी मशीनने आकडा दाखवला आणि वन्संनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "एकशे नव्वद?"

"मशीन बिघडलं असेल."

वन्संनी स्वतःच्या बोटाला टोचलं. "माझी अठ्ठ्याण्णव. मशीन शहाणं आहे. तू काय खाल्लंस?"

"काही नाही हो."

पुढच्या रविवारी दोनशे दहा. त्याच्या पुढच्याला दोनशे चाळीस. वन्संनी बिस्किटांचा डबा कुलपात टाकला, मधाची बाटली कपाटावर चढवली आणि वहिनींच्या उशीखालीही हात घालून पाहिला. "या वयात चोरून खायला लाज नाही वाटत?" त्यांनी विचारलं. वहिनी मान खाली घालून म्हणाल्या, "राहवलं नाही." चार वर्षं ज्या बाईने बिस्किटाचा चुरा तोंडात टाकला नव्हता, तिने हा आरोप असा मुकाट घेतला, की वन्संना आणखीच राग आला. भांडायला समोर कुणी नसलं की रागाचं काय करायचं ते त्यांना कधीच कळत नसे.

मग एके सकाळी पाणी लवकर गार झालं. वन्सं दहा मिनिटांत बाहेर आल्या, ओले केस खांद्यावर, आणि समोर वहिनी उभ्या. एका हातात पातेल्याचं झाकण, दुसऱ्यात चमचा, चमचा तोंडात. वहिनींनी गिळलं. दुसरं काय करणार होत्या?

वन्सं ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांसमोर भाऊ गेला. तुझं पण तेच बघायला राहिलेय का मी?" थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि निकाल दिला. "चूक तुझी नाही. घरात रोज गोड शिजतंय, माणूस किती दिवस धीर धरेल? ग्रंथपालबाईंच्या निरोपाचं टेबल कबूल केलंय, तेवढं करू. मग बंद. या घरात पुन्हा साखर उकळायची नाही."

दोन दिवस वहिनी गप्प राहिल्या. ग्रंथपालबाईंसाठी त्या जुन्या नकाशांच्या कागदाचे पंखे करत होत्या. निळ्या समुद्राच्या बारीक चुण्या. समोर जमिनीवर बसून वन्सं आपले साचे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. पत्र्याचे, पन्हाळीदार कडांचे, एक माशाच्या आकाराचा, एक चांदणीचा. कारखान्याच्या जुन्या खोक्यात एकेक ठेवत होत्या. चांदणीचा साचा त्यांनी गुंडाळला, मग पुन्हा उघडला, पदराने पुसला, पुन्हा गुंडाळला. ही बाई माझ्यासाठी स्वतःचा उरलेला जीव खोक्यात भरतेय, वहिनींना वाटलं, आणि मी तिच्या मानाला जपतेय म्हणून गप्प बसलेय. कसला मान आणि कसलं जपणं?

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मी चोरून खात नव्हते."

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"चाखत होते. तुम्हाला चव लागत नाही, ते मला दुधाच्या दिवसापासून माहीत आहे."

वर्तमानपत्राचा आवाज थांबला.

वहिनींनी मग सगळं सांगितलं. आमटी, मध, बादलीचा आवाज, दहा दहा चमचे. वन्संनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "पोस्टमास्तरांचे पेले?"

"परत आले."

"किती?"

"सगळे. एक पोस्टमास्तरांनी संपवला. पण त्यांनी दातांबरोबर कानयंत्रही काढून ठेवलं होतं, त्यांना आपण काय खातोय ते कळत असेल असं वाटत नाही."

वन्संना हसू आलं आणि त्याचाच त्यांना संताप आला. "मला सांगायचं होतंस! लोकांच्या तोंडात कडू घातलं मी, आणि तू दारात उभं राहून 'एकसुद्धा नाही' म्हणालीस? मी चहा केला तुला!"

"तुमचा चेहरा बघितलात का तुम्ही तेव्हा? मला नाही सांगवलं."

"आणि म्हणून रक्तात साखर ओतत बसलीस?" वन्संचा आवाज चढला आणि मधेच फुटला. त्या गुडघ्यांवर हात टेकत पुढे सरकल्या आणि त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. "अगं, चव गेली तर गेली. मी रडले तिच्यासाठी, आंघोळीला जाऊन रडले, रोज. पण तिच्यावाचून जगता येतं, बघ, जगतेय ना? तू गेलीस तर मी ओरडू कुणावर?"

मांडीवरचा नकाशाचा पंखा भिजू नये म्हणून वहिनींनी तो बाजूला ठेवला, आणि मग त्या मनसोक्त रडल्या. वन्संही रडल्या. खालच्या सायकलवाल्याने वर पाहिलं असणार, पण त्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं शिंपीणबाईंकडून वजनाचा काटा मागून घेऊन आल्या. जिना उतरून, चढून, स्वतः. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साखर तोलली. हाताने घ्यायच्या, काट्यावर ठेवायच्या, आणि किती भरली ते वहिनींना खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहायला सांगायच्या. लिंबं त्यांनी वहिनींकडे दिली. "वरची पिवळी तेवढी किस. पांढरं दिसलं की थांब. मी वासावरून थांबायचे, आता तो येत नाही." मिश्रण घट्ट झालं, गार झालं. वन्सं आंघोळीला गेल्या नाहीत.

"आता एकदा चाखावं लागेल," त्या म्हणाल्या. "काटा सगळं सांगत नाही." त्यांनी घरातला सगळ्यात लहान चमचा शोधला, टोकावर हरभऱ्याएवढं घेतलं आणि वहिनींपुढे धरला. "एवढंच. आज दुपारचा भात अर्धा. आणि रविवारी आकडा वर गेला तर हेही बंद."

वहिनींनी ते जिभेवर घेतलं.

"कसं आहे?"

"छान आहे."

"छान तर पडदापण असतो. मला चव सांग."

वहिनी गोंधळल्या. असं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. "आधी लिंबू येतं," त्या चाचपडत म्हणाल्या. "एकदम. इथे, कानांच्या खाली ओढल्यासारखं होतं."

"हं. मग?"

"मग दूध येतं आणि त्याला जरा थोपटतं. ओढ कमी होते. मग गोड, पण ते शेवटी... नाही, शेवटी नाही. दुधाच्या मागेमागेच येतं."

"घशात टोचतं का?"

"नाही. उतरतं नीट."

"आणि गिळल्यावर? मागे राहतं काही?"

वहिनींनी जीभ टाळूला लावली. "राहतं. सालीचा वास. नाकाच्या आतून येतो तसा. लिंबाचं झाड जवळ असलं की येतो, तो."

वन्संनी डोळे मिटून घेतले होते. हात ओट्यावर, मान किंचित वर, जशा त्या इस्पितळाच्या पातेल्यासमोर उभ्या राहत असतील तशा. त्यांचा घसा हलला. वहिनींनी ते पाहिलं. वन्संनी काहीही तोंडात घातलेलं नव्हतं, आणि त्यांनी गिळलं होतं.

"जाऊ द्या," वन्सं म्हणाल्या. आणि मग जरा थांबून, अगदी हळू, कधी नव्हे ते मागितल्यासारखं, "अजून सांग."

चमचा केव्हाच रिकामा झाला होता. वहिनी सांगत राहिल्या.